हे कुठे शिकलीस?

बोगुमिला आमच्या खोलीत आली तेव्हा तिने आधी कोट काढला नाही. आधी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली, बॅगेतून एक फडकं काढलं आणि कोट अंगात असतानाच कट्टा पुसायला लागली.

"अहो, राहू द्या," मी म्हणाले. "रोज सकाळी बाई येते इथे पुसायला."

"असू दे हो. तेवढाच हाताला चाळा."

स्वोनावाच्या सॅनेटोरियममध्ये आम्हा तिघींना एकच खोली मिळाली होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मृतांचा दिवस नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे तिघीही आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवून, दिवे लावून तशाच गाडीत बसलेल्या. सरकारी आरोग्यनिधीचं पत्र आलं की निघायचं असतं, तारीख आपल्या हातात नसते. ज्यांचं नशीब बरं त्यांना मे महिना मिळतो. आम्हाला नोव्हेंबर मिळाला. एकवीस दिवस खाऱ्या पाण्याच्या अंघोळी, गरम चिखलाचे लेप, गुडघ्यांचे व्यायाम.

मी लुदविका. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिसरी होती मार्झेना, केस कापायचं दुकान चालवायची, तोंडाने फटकळ, दुसऱ्या नवऱ्याबरोबर नांदत होती. आणि बोगुमिला छप्पन्न वर्षांची, साखर कारखान्याच्या गावातल्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाकीण. रुंद खांदे, लाल हात, आणि चेहरा असा की रस्त्यात कोणी पत्ता विचारायचा झाला तर हिलाच विचारेल.

पहिल्याच संध्याकाळी तिने सांगितलं की नवऱ्यासाठी फ्रीजरमध्ये एकवीस डबे भरून ठेवून आले आहे. कोबीच्या पानात गुंडाळलेले भात-खिम्याचे मुटके, बीटचं सूप, डुकराच्या मांसाचा रस्सा. प्रत्येक डब्यावर तारीख, आणि तारखेखाली किती मिनिटं गरम करायचं ते.

"झेनोनला गॅस पेटवता येतो," ती म्हणाली, आणि त्यात कौतुक होतं.

"एकवीस डबे?" मार्झेना पलंगावर पाय पसरून नखं रंगवत होती. "माझ्याला मी एकवीस शिव्या देऊन आलेय. पुरवून पुरवून खाईल."

बोगुमिला हसली, पण हात थांबले नाहीत. बोलता बोलता तिने माझ्या गादीवरची चादर ओढून नीट खोचली होती.

पहिले चार दिवस तिला फार जड गेले. जेवणघरात जेवण झालं की ती उठून टेबलावरच्या थाळ्या गोळा करायची. वाढणारी बाई एकदा जरा रागावूनच म्हणाली, "बसा हो तुम्ही. माझं काम आहे ते." बोगुमिला बसली, पण खुर्चीच्या कडेवर, कधीही उठावं लागेल अशी. दुपारी सगळे पडायचे तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून नुसती जागी असायची. "मला कळतच नाही," ती मला म्हणाली, "कोणीच काही मागत नसेल तर बाईने दिवसभर करायचं काय?"

पाचव्या दिवशी ती चिखलाचा लेप घेऊन परत आली ती लालबुंद होऊन. दाराशीच उभी राहिली.

"लुदविकाबाई, माझं प्रेशर बघता का जरा?"

यंत्र माझ्या बॅगेत असतंच. पट्टा बांधला, बघितलं. तरण्या मुलीसारखं प्रेशर होतं.

"होतंय काय?"

"पोटात गरम गरम वाटतंय. ओटीपोटात. छाती धडधडतेय. त्या बाईने लेप धुतल्यावर टॉवेल नुसता पाठीवरून फिरवला हो, खालपर्यंत, आणि मला एकदम रडू फुटलं."

"दुखतंय कुठे?"

"नाही. दुखायच्या उलट."

तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी हसले. हसायला नको होतं. तिने पट्टा सोडवला, आपल्या पलंगावर गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी उठून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आजार नाही हा. शरीर जागं झालंय, एवढंच. दोन मुलांची आई आहात, तुम्हाला ठाऊक असेलच की."

"नाही ठाऊक," ती म्हणाली.

मार्झेना बाहेर गेली होती. बाहेर धुकं होतं, चारलाच दिवे लागले होते. मी विजेच्या किटलीत पाणी तापवलं, काचेच्या पेल्यांत चहा केला, आणि त्या दुपारी बोगुमिलाने मला जे सांगितलं ते तिने त्याआधी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. आदल्या दिवशी आईने तिला कोंबड्या सोलायला मागच्या अंगणात बसवलं आणि पिसं उपटता उपटता एकच गोष्ट सांगितली: नवऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि हो असंही म्हणायचं नाही. चर्चमध्ये लग्नाआधीचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी थर्मामीटर दिला, तक्ता दिला, महिन्यातले कुठले दिवस चालतात आणि कुठले नाही ते दाखवलं. त्या तक्त्यात ताप होता, तारखा होत्या. बाईला काय वाटतं यासाठी रकाना नव्हता.

"पण मला वाटायचं," बोगुमिला म्हणाली. "पहिल्या वर्षी वाटायचं. झेनोन दिसायला चांगला होता. कारखान्यातून आला की अंगाला वंगणाचा आणि बीटच्या पाकाचा वास यायचा, आणि मला तो आवडायचा."

एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, तो सोफ्यावर पडला होता. उन्हाळा होता, शर्टाची बटणं उघडी होती. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली, त्याच्याजवळ बसली आणि तिने आपणहून हात त्याच्या छातीवर ठेवला. मग खाली नेला. तो आधी थांबला, मग तिचं मनगट धरून हात बाजूला केला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "हे कुठे शिकलीस?"

"ओरडला नाही हो," ती म्हणाली. "मारलं नाही. नुसतं विचारलं. पण असं विचारलं की मला वाटलं, माझ्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं त्याला दिसलंय. मी म्हणाले, कुठे नाही. आणि बटाटे बघायला गेले."

त्यानंतर तिने कधी हात पुढे केला नाही. वाट बघायला शिकली. वाट बघता बघता, कधी ते तिला कळलं नाही, वाट बघण्यासारखं काही उरलं नाही. मुलगा झाला, मुलगी झाली. मुलं तिला आई म्हणायची, मग झेनोनही आई म्हणायला लागला. आई, मोजे कुठेत. आई, पाठ दुखतेय. आई, आज काय आहे. त्याच्या गोळ्या ती काढून द्यायची, केस ती कापायची, आतले कपडे ती आणायची, त्याच्या बहिणीचा वाढदिवस ती लक्षात ठेवायची. आणि मग दिवे मालवल्यावर तोच माणूस कुशीवर वळून तिच्या खांद्यावर हात टाकायचा, तेव्हा ती छताकडे बघत उद्या शाळेत तीनशे पोरांना कुठलं सूप करायचं त्याची यादी करायची.

"गाजर, कांदा, बार्ली," ती म्हणाली. "बार्लीपर्यंत आलं की संपायचं."

एका नामदिवसाला, म्हणजे झेनोनच्या नावाच्या संताच्या सणाला, घरी बारा माणसं जेवायला होती. दोन पेले पोटात गेल्यावर कोणीतरी बायकांवरून विनोद काढला आणि झेनोन सगळ्यांदेखत म्हणाला, "आमची बोगुशा म्हणजे फ्रीज आहे. पण भरलेला." सगळे खो खो हसले. बायकाही. तीही हसली आणि आत जाऊन जेलीतला मासा घेऊन आली.

एकदा, चाळीस उलटल्यावर, ती धीर करून दवाखान्यातल्या नर्सशी बोलली होती. म्हणाली होती, मला काही वाटतच नाही, माझ्यात काही बिघडलंय का. नर्स म्हणाली, "अहो, कोणाला वाटतं? डोळे मिटायचे. दहा मिनिटांचा तर प्रश्न."

ती नर्स मी नव्हते. तिचं गाव माझ्या गावापासून दीडशे किलोमीटरवर. पण हे शब्द माझे होते. बायका पडद्यामागे कपडे घालता घालता हळूच विचारायच्या आणि मी हातातलं काम न थांबवता हेच सांगायचे, वर एखादा विनोद करायचे, म्हणजे त्या हसून जायच्या. किती जणींना सांगितलं असेल. मी बोगुमिलाला हे सांगितलं नाही. चहा थंड झाला होता तो प्यायले.

दुसऱ्या दिवशी मार्झेनाने तिला डान्सला ओढून नेलं. सॅनेटोरियमच्या कॅफेत रोज दुपारी चार ते सहा नाच असतो, एक माणूस कीबोर्ड वाजवत जुनी गाणी म्हणतो. गुडघे दुखतात म्हणून आलेली माणसं तिथे गुडघे विसरतात. स्वोनावाच्या या नाचांवरून देशभर चावट विनोद चालतात, आणि विनोद उगाच चालत नाहीत.

"मी भिंतीला बसेन," बोगुमिला म्हणाली.

"बसा. भिंत पडायला आलीय, टेकू होईल," मार्झेना म्हणाली, आणि तिच्या ओठांना स्वतःची लिपस्टिक लावली.

तिथे एडमुंड नावाचे गृहस्थ होते. निवृत्त स्टेशनमास्तर, विधुर, सडपातळ, मिशा पांढऱ्या. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. ते बोगुमिलासमोर येऊन वाकले आणि म्हणाले, "वॉल्ट्झ की टँगो? तुम्हाला काय आवडतं?"

मी शेजारीच होते, मी तिचा चेहरा बघितला. गणित न आलेल्या मुलीसारखा झाला होता. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला जे…" आणि मास्तर म्हणाले, "नाही नाही, मी तुम्हाला विचारलं."

"वॉल्ट्झ," ती म्हणाली, आणि उठली.

मी तिला त्यापुढचे दहा दिवस बघितलं. माणूस चालतो कसा यावरून मला पेशंट कळतो. सवयच आहे ती. बोगुमिलाची चाल बदलली. पाठ ताठ झाली. जेवणघरात ती खुर्चीला टेकून बसायला लागली आणि थाळ्या टेबलावरच ठेवायला लागली. गावाबाहेर काटक्यांच्या जुड्या रचून केलेल्या उंच भिंती आहेत, त्यांवरून खारं पाणी झिरपतं, तिथली हवा छातीला चांगली म्हणून सगळे फेऱ्या मारतात. ती दोघं तिथे जायची. परत आली की तिच्या गालांवर मिठाची चव असेल, असं मार्झेना म्हणायची. "चाटून बघितलं का कोणी?" ती विचारायची, आणि बोगुमिला उशी फेकून मारायची. एव्हाना आम्ही तिघी अहो-जाहो सोडून अगं-तुगंवर आलो होतो. मार्झेनाने लपवून आणलेली चेरीची दारू त्यासाठी उघडली होती.

तेराव्या दिवशी फेरीवरून आल्यावर बोगुमिला बराच वेळ ओला स्कार्फ हातात घेऊन बसली.

"लुदविका, मी आज हात लावला."

"कोणाला?"

"मास्तरांना. मानेला, स्कार्फच्या आतून. मीच. त्यांनी काही केलं नव्हतं, ते आपले रेल्वेचं काहीतरी सांगत होते."

"मग?"

"बोलायचे थांबले. डोळे मिटले. काही विचारलं नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटतंय गं. कोणी माझ्याकडे काही मागायच्या आधीच मला वाटतंय. अजून आहे ते माझ्यात. मला वाटलं होतं, कधीच मेलंय."

मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते. माझा नवरा चांगला होता, तरी असं मला कधी म्हणता आलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी मास्तरांनी कोट आणला. अस्तर उसवलं होतं. "बोगुशा, तुझ्या हातात जादू आहे," ते म्हणाले. तिने ते शिवून दिलं. सतराव्या दिवशी त्यांनी विचारलं, पांढरी गोळी सकाळची की दुपारची, त्यांच्या नेहमी घोटाळा होतो. तिने त्यांच्या गोळ्या लावून दिल्या. मी बघत होते. काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काय होतं? टाका घालणं, गोळ्या लावणं, एवढ्यातेवढ्याला कोण नाही म्हणतं.

एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. मास्तरांच्या खोलीतला दुसरा माणूस मुलीकडे गेला होता, दुपारभर यायचा नव्हता. मास्तरांनी तिला बोलावलं. बोगुमिलाने निळा ब्लाउज घातला. मार्झेनाने तिचे केस केले, मागून मानेवर अत्तराचा थेंब लावला, आणि पहिल्यांदाच काही चावट बोलली नाही. मी खिडकीपाशी विणकाम घेऊन बसले.

तासाभराने ती परत आली.

"काय गं," मार्झेना म्हणाली, "इतक्यात?"

"इस्त्री केली," बोगुमिला म्हणाली.

मार्झेना हसून लोटपोट झाली. तिला वाटलं हा बोगुमिलाच्या गावाकडचा काहीतरी चावट शब्द असेल. पण बोगुमिला हसत नव्हती. ती बसली आणि बूट काढायला लागली.

मास्तरांनी टेबलावर केक ठेवला होता, दोन पेले ठेवले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला, तिने त्यांच्या गालाला ओठ लावले, सगळं ती मनात धरून आली होती तसं. मग ते म्हणाले, जरा थांब हं, आधी एक छोटं काम. संध्याकाळच्या नाचासाठी शर्ट हवाय आणि मला कॉलर जमत नाही. इस्त्री तापवून ठेवली होती. ते पलंगावर बसून तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "किती बरं वाटतंय. घर असल्यासारखं वाटतंय पुन्हा."

"वाईट माणूस नाही तो," बोगुमिला म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी कॉलर केली, बाह्या केल्या. आणि ते गेलं. नळाला पाणी असतं आणि मधेच जातं ना, तसं. मी शर्ट हँगरला टांगला तोवर आत काहीच नव्हतं. ते जवळ आले, मी छताकडे बघितलं, आणि मला गाजर आठवलं, कांदा आठवला." तिने दुसरा बूट काढला. "मी म्हणाले, माझं डोकं दुखतंय. ते म्हणाले, मग पड जाऊन, संध्याकाळी ये. फार चांगला माणूस आहे."

संध्याकाळी ती नाचाला गेली नाही. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे बघत बसले होते, असं मार्झेना म्हणाली. त्यांना शेवटपर्यंत कळलं नसेल की झालं काय.

एकविसाव्या दिवशी आम्ही स्टेशनवर एकमेकींचे नंबर घेतले. दर रविवारी चर्चहून आल्यावर मी बोगुमिलाला फोन करायचा असं ठरलं. असं पुष्कळ जणी ठरवतात आणि दोन महिन्यांत बंद पडतं. आमचं बंद पडलं नाही.

झेनोन तिला घ्यायला स्टेशनवर आला होता. हातात कार्नेशनची तीन फुलं होती, कागदात गुंडाळलेली. डबे त्याने तारखेप्रमाणे खाल्ले होते आणि धुऊन, झाकणं वेगळी करून ओट्यावर रचून ठेवले होते. ते बघून तिला बरं वाटण्याऐवजी रडू आलं, आणि का ते तिला त्याला सांगता येईना. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटचा पहिला रविवार आला तेव्हा जेवण झाल्यावर ती त्याला म्हणाली, "झेनोन, मला आई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"माझं नाव आहे ना."

"बरं," तो म्हणाला. दोन दिवस लक्षात ठेवलं. तिसऱ्या दिवशी, "आई, मीठ."

मग एका दुपारी, तो बटाटे सोलत होता (तिच्या हाताला कापलं होतं म्हणून), तेव्हा तिने विषय काढला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "तुला आठवतं? आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, एका रविवारी तू सोफ्यावर होतास. मी हात लावला. आणि तू मला एक विचारलंस."

"काय विचारलं?"

"हे कुठे शिकलीस म्हणून."

झेनोनने सुरी खाली ठेवली. आठवायचा प्रयत्न केला. तिने त्याच्या चेहऱ्यावर तो प्रयत्न बघितला, आणि तो खोटा नव्हता.

"मी? असं म्हणालो?" तो म्हणाला. "नाही गं आठवत."

हे सगळं बोगुमिलाने मला रविवारच्या फोनवर सांगितलं.

"लुदविका, त्याला आठवतच नाही. मी त्या एका वाक्याखाली छत्तीस वर्षं राहिले, आणि त्याला ते बोलल्याचंही आठवत नाही."

"पुढे काही बोलला?"

"बोलला. उशिराने बोलला. अर्धी बादली सोलून झाल्यावर. म्हणाला, बोललो असेन. मला बावीस वर्षं होती. वडील सांगायचे, बायको आपणहून जवळ आली तर समज, तिला आधीच कोणीतरी शिकवलंय. मी घाबरलो असेन. मला तरी कुठे काय येत होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? त्याचं खरं होतं. तो बटाटे पातेल्यात टाकून शेडमध्ये गेला, अंधार पडेपर्यंत आला नाही. दिवाही लावला नव्हता त्याने तिथे."

त्या हिवाळ्यात बोगुमिला मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. भांडण झालं नाही. झेनोनने शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या घोरण्यामुळे. मुलीने फोनवर आईला झापलं: "या वयात हे काय नवीन? लोक काय म्हणतील?" पाद्र्यांनी पाप-निवेदनाच्या वेळी सांगितलं की पत्नीची जागा पतीजवळ आहे. बोगुमिला म्हणाली, "फादर, जागा आहे हो. मीच नव्हते तिथे." पुढच्या महिन्यापासून ती निवेदनाला दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जायला लागली.

फेब्रुवारीत एका सकाळी, बर्फ पडत होतं आणि दोघांनाही कुठे जायचं नव्हतं, झेनोनने तिच्या दारावर टकटक केलं. स्वतःच्या घरात, टकटक. दाढी केली होती. म्हणाला, "येऊ का?"

त्याने आजवर कधीच विचारलं नव्हतं. तिने गादीवर जागा केली. तो बसला, तिने त्याचा हात घेतला. ती मला म्हणाली, त्या वेळी तिने अगदी मनापासून वाट बघितली, स्वतःच्या आत. स्वोनावातलं ते यावं म्हणून. आलं नाही. तिला दिसला तो हात, ज्याची नखं ती कापायची, आणि कानामागे राहिलेला साबण. तिने बोटाने तो साबण पुसला.

"आज नको," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. दोघं खिडकीतून बर्फ बघत होती. मग उठला आणि गॅसवर पाणी ठेवलं.

मला वाटलं होतं, तो पुन्हा विचारेल, पुन्हा विचारत राहील आणि एक दिवस जमेल. मी तसं तिला सांगायचेही. पण त्याने पुन्हा विचारलं नाही. एकदा नाही ऐकल्यावर पुन्हा कसं विचारायचं हे त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात मी तिच्याकडे गेले, दोन दिवसांसाठी. झेनोन उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस निघाला. मला सिस्टर म्हणायचा. दुपारचं जेवण त्याने केलं होतं, बटाटे, तळलेला मासा, काकडीची कोशिंबीर. मीठ जास्त झालं होतं, आणि आम्ही तिघांनी ते मुकाट्याने खाल्लं. नंतर मी आणि बोगुमिला कारखान्यामागच्या बांधावरून चाललो. कारखाना बंद पडला होता, आवारात बर्चची कोवळी झाडं उगवली होती.

"अजून येतं का?" मी विचारलं. मला विचारायचा हक्क नव्हता, पण ती माझ्याशिवाय कोणाशी बोलणार होती?

"येतं," ती म्हणाली. "कधी अंघोळ करताना. परवा बसमध्ये आलं, उन्हात बसले होते, काही कारण नाही. चेहरा नसतो त्याला. येतं, बसतं थोडा वेळ, जातं. मी कोणाला देऊ ते? झेनोनजवळ गेले की मी आई होते. दुसऱ्या कोणाजवळ गेले की इस्त्री हातात येते." ती थोडी हसली. "एकटी असले की मी बाई असते. गंमत आहे ना."

मला गंमत वाटली नाही. तिलाही वाटत नव्हती. आम्ही बांधाच्या टोकापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी तिने मला बसपर्यंत सोडलं. वारा सुटला होता. बस यायच्या आधी झेनोन गल्लीच्या तोंडाशी दिसला, तिचं लोकरी जाकीट हातात घेऊन भराभर येत होता. जवळ येऊन त्याने ते उघडून धरलं, तिच्या खांद्यांवर घालायला. तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः घातलं. तो रिकामे हात घेऊन तिथे उभा राहिला आणि मग त्याने ते खिशात घातले. बस आली. मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती दोघं शेजारी उभी होती, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, आणि दोघंही मला हात करत होती.